शक्यता: कमी

पहाटे चारला उठते. टपालाची गाडी साडेसहाला निघते.
मधले अडीच तास माझे आणि आभाळाचे.
दिवा न लावता स्क्रीन उघडते.
मध्यरात्री सोडलेल्या फुग्याने
वर जाता जाता जे पाहिलं, ते दोन रेघांत:
लाल उष्म्याची, हिरवी ओलीची.
दोघी चिकटून चालतात तिथे ढग.
फारकत घेतात तिथे कोरडी, उनाड हवा,
थेट स्पेनच्या पठारावरून आलेली,
अजून अंगाला तिथली धूळ.

आज दीड किलोमीटरवर झाकण आहे,
गरम हवेचं, घट्ट बसलेलं.
खाली आमची फेन्सची काळी सपाट जमीन,
बीटची पानं, बार्ली, संथ कालवे.
दवबिंदू एकोणीस.
झाकण उडालं तर सगळं उसळेल बारा किलोमीटर.
नाही उडालं तर
संध्याकाळी नुसती डोकेदुखी.
यातलं कोणतं, ते मला एकोणीस वर्षांत
छातीठोकपणे सांगता आलेलं नाही.

"काय गं रोवीना, कपडे वाळत घालू?"
मिसेस गॉटोबेड फाटकातच उभ्या.
"तीनच्या आत काढा."
"मागल्या खेपेलाही तीनच म्हणालीस."
मागल्या खेपेला माझ्या शब्दावर
चर्चची जत्रा मैदानातून हॉलमध्ये नेली.
बाहेर लख्ख ऊन, आत माणसं उकडून निघाली,
केकवरचं क्रीम टेबलावर उतरलं,
आणि मी मागच्या दाराने घरी गेले.

थर्टल काही विचारत नाही.
तीन वर्षांपूर्वी, जुलैत, त्याच्या काचघरावर
सहा मिनिटं अंड्याएवढ्या गारा.
दोनशे बारा तावदानं.
टोमॅटो पिकत आले होते; सगळे फेकले,
कुठल्यात काच आहे कळायला मार्ग नव्हता.
त्या सकाळच्या माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात:
शक्यता: कमी.
हे त्याला माहीत नाही.
तेव्हापासून मी शक्यता मिठासारखी घालते,
चिमूटभर जास्तच.
"आज जपून," म्हणते, विजेचं बिल हातात देते.
तो बिलाकडे बघतो.

नऊला पश्चिमेला छोटे बुरुज असलेले ढग. चांगली खूण.
दोनला चौतीस अंश.
फ्लॉवरचा गड्डा फुगावा तसा एक ढग वर गेला,
झाकणाला डोकं आपटलं, विरला.
मग दुसरा.
चार. सहा.
गॉटोबेडबाईंचे कपडे कडकडीत वाळले, घडी होऊन आत गेले.
गर्जेल तो पडेल काय म्हणतात,
इथे कोणी गर्जेना सुद्धा.

रात्री एकला बांधावर गेले.
पूर्वेला, दूर समुद्रावर,
एक अख्खा डोंगर आतून पेटत होता, विझत होता.
आवाज नाही.
माझंच वादळ. चाळीस मैल चुकलेलं.

बांधावर आधीच कोणीतरी बसलं होतं,
मांडीवर थर्मास.
"तुझंच का ते?" थर्टलने विचारलं.
"हो."
"बरं दिसतंय."
त्याच्या मागे, कालव्यापलीकडे, काचघर
नेहमीसारखं चमकत नव्हतं.
छपरावर जुने गालिचे, पोती, एक गादीसुद्धा,
दोऱ्यांनी आवळलेली.
साठी उलटलेला माणूस, एकटा, शिडीवर,
चौतीस अंशांत.
"उद्या उतरवायला ये," तो म्हणाला.
"त्या वर्षी," मी सुरुवात केली, "वहीत मी—"

वीज चमकली.
क्षणभर त्याचा चेहरा दिसला, माझ्याकडे न वळलेला.
ओठ हलत होते. तो मोजत होता:
अकरा, बारा, तेरा.
एवढ्या लांबून ऐकू येत नाही, हे त्याला सांगायला हवं होतं.
मीही मोजू लागले.